तीन नंबरच्या खोलीचा बिल्ला

आमच्या स्टेशनात सगळे त्याला मामा म्हणत. फिटर, ड्रायव्हर, गेटवरचा शिपाई, साहेब, साहेबांचे साहेब; एवढंच काय, त्याचा जावईसुद्धा. माझा मात्र तो खरा मामा, आईचा धाकटा भाऊ. त्याच स्टेशनाच्या ऑफिसात मी अहवाल लिहिते. लोकांना वाटतं, मामाच्या वशिल्यानं चिकटली. मामाचा वशिला गेटवरच्या कुत्र्यापलीकडे कुठे चालत नव्हता, हे लोकांना कोण सांगणार!

स्टेशन म्हणजे आगगाडीचं नव्हे. जमिनीखालच्या जाड नळातून नैसर्गिक गॅस लांबून येतो, येईपर्यंत त्याचा जोर संपलेला असतो, आणि आमची यंत्रं त्याला पुन्हा दाबून पुढे ढकलतात. पाच यंत्रं, प्रत्येकाला एकेक व्हॉल्व्हची खोली, आणि नळांचे हजारो सांधे. हा गॅस म्हणजे बहुतेक सगळा मिथेन. त्याला रंग नाही. घरच्या सिलिंडरला जो वास येतो तोही नाही. तो वास पुढे, वस्तीत शिरताना मिसळतात. आमच्याकडे गॅस गळला तर नाकाला पत्ता लागत नाही. तो मुकाट्यानं वर जातो आणि पृथ्वी तापवतो, असं आता सगळे पोपटासारखं बोलतात. हे तापण्याबिपण्याचं कोणी काही ऐकलं नव्हतं तेव्हापासून मामा म्हणायचा, "अरे, पुढे पाठवायचा पगार घेतो आपण. वाटेत सांडला तर मग आपण कशाला?"

त्याचं काम एकच. हातात साबणाच्या पाण्याची बालदी आणि तीन बोटं रुंदीचा रंगाचा ब्रश. सांध्याला ब्रश फिरवायचा आणि उकिडवं बसून बघायचं. बुडबुडे आले की गळती. एकतीस वर्षं त्यानं हेच केलं. उन्हानं मान काळी पडली, गुडघे गेले, बोटांची कातडी साबणानं कायमची सुरकुतली. बुडबुडे आले की तो एक बिल्ला टांगायचा. हे बिल्ले तो स्वतः ऑइलच्या रिकाम्या डब्यांतून कापायचा, लाल रंगवायचा, त्यावर खिळ्यानं तारीख कोरायचा आणि तारेनं सांध्याला बांधायचा.

बिल्ल्याचा एक नियम होता. ज्यानं टांगला, त्यानंच काढायचा. हा नियम कुठल्याही फायलीत नाही. फार पूर्वी एका पाळीवाल्यानं दुसऱ्याचा बिल्ला काढून त्याची तार आपल्या डब्याला बांधली होती. दुसऱ्या दिवशी एक फिटर तो सांधा धड आहे असं समजून उघडायला गेला आणि त्याची तीन बोटं गेली. तेव्हापासून स्टेशनात कोणी कोणाच्या बिल्ल्याला हात लावत नाही. साहेब बदलले, मालक बदलले, गेटवरच्या पाटीचा रंग बदलला, पण हे बदललं नाही. बिल्ला आहे म्हणजे लांब राहा. बिल्ला नाही म्हणजे खुशाल हात घाल. लोक त्या एका पत्र्याच्या तुकड्याच्या भरवशावर काम करत. आणि मामाला कोणी म्हणालं की, बाबा रे, तो बिल्ला काढ की आता, तर मामा एकच विचारायचा, "दुरुस्त झालं का?"

घरीही तोच खाक्या. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी सिलिंडरच्या नळीला साबण. मामी वैतागून म्हणायची, "आमच्याकडे साबण कपड्यांना कमी आणि नळीला जास्त लागतो." कोणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी बाहेरच्या खोलीत बूड टेकायच्या आत तो स्वयंपाकघरात डोकावून शेगडीची चौकशी करायचा. लोकांना वाटे, माणूस भुकेला आहे. जावईसुद्धा त्यानं असाच निवडला. स्टेशनात कंत्राटावर आलेल्या फिटरांत एक जण सांध्याला ब्रश फिरवून झाल्यावर थोडं थांबून पुन्हा एकदा फिरवायचा. मामानं महिनाभर ते पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, "मुलगा सापडला." ताईनं, म्हणजे माझ्या मामेबहिणीनं, विचारलं, "शिकलाय किती?" मामा म्हणाला, "दोनदा बघतो. अजून काय शिकायचं असतं?" ताईनं लग्न केलं आणि सुखात राहिली. भावजी होतेच तसे, अबोल आणि नीट.

तर असं सगळं चाललं असताना आमच्या कंपनीला पृथ्वीची काळजी वाटायला लागली.

कोणी सांगितलं नव्हतं, बरं का. कायदा नाही, दंड नाही, तपासनीस नाही. चौदा गॅस कंपन्यांनी एका मोठ्या हॉटेलात जेवून स्वेच्छेनं ठरवलं की आपण मिथेनची गळती कमी करायची. स्वेच्छेनं म्हणजे कसं, की प्रश्नपत्रिका आपण काढायची, उत्तरं आपण लिहायची, तपासायचीही आपणच, आणि मग चौदा जणांनी एकमेकांची पाठ थोपटायची. लाज वाटेल इतके गुण मिळतात अशा परीक्षेत. मला हे ठाऊक आहे कारण उत्तरं मीच टाइप करायचे.

आमच्याकडे 'स्वेच्छा कक्ष' उघडला. त्याला थंड हवेची खोली, हिरवा गालिचा, भिंतीवर पानाचं चित्र आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं झाड. त्या झाडाची धूळ पुसायला एक माणूस स्वतंत्र नेमला होता, आणि सांधे पुसायला अख्ख्या स्टेशनात एक मामा. कक्षाचे प्रमुख म्हणून जे आले त्यांचं नाव लोकांनी आठवड्यात संकल्पसाहेब ठेवलं. उठता बसता संकल्प. यंत्रघरात ते दोनदाच आले, दोन्ही वेळा फोटोवाल्याबरोबर. गोड बोलायचे, हे मात्र कबूल केलं पाहिजे. मला 'तुमच्यासारखी हुशार मुलगी' म्हणायचे आणि मी फुगायचे. मूर्ख कुठली.

गळती मोजायची रीतही या चौदा कंपन्यांच्या मंडळानंच ठरवली. ती मी मामाला समजावून सांगितली. स्टेशनात बिल्ले किती लटकतात ते मोजायचे, त्याला एका ठरावीक आकड्यानं गुणायचं, झाली गळती. बुडबुडा मोहरीएवढा असो की ब्रश लावताच साबण उडवून लावणारा असो, बिल्ला एक तर एक. शिवाय काही यंत्रं गॅसच्याच दाबावर चालतात आणि दिवसभर फुसफुस करत तो बाहेर सोडतात; तो मुद्दाम सोडलेला, म्हणून गळतीत धरायचा नाही.

"म्हणजे भिंतीला तडा गेला काय आणि भिंत पडली काय, तुमच्याकडे एकच?" मामानं विचारलं.

"मामा, आंतरराष्ट्रीय पद्धत आहे ती."

"असेल. मूर्खपणाला कुठे गाव असतं."

तरीही तो कामाला लागला. मी त्याला हसले तेव्हा म्हणाला, "त्यांना नाटक करायचंय ना? करू देत. नाटकापायी का होईना, मला पाने आणि वॉशर मिळतायत." त्या वेळी एक्केचाळीस बिल्ले लटकत होते, काही तर पाच-पाच वर्षांचे. मामा आणि भावजींनी आठ महिन्यांत चाळीस सांधे दुरुस्त केले. खरोखर केले, साबण लावून, पुन्हा लावून, मग बिल्ला काढून. पृथ्वीचं या सगळ्या तमाशात काही भलं झालं असेल तर ते या दोघांनी केलं. मासिकात फोटो संकल्पसाहेबांचा आला, हातात पाना घेतलेला. पाना उलटा धरला होता.

उरला एक बिल्ला. तीन नंबरच्या खोलीचा.

तिथला मोठा व्हॉल्व्ह मुळातून बदलायला हवा होता, आणि त्यासाठी आठवडाभर स्टेशन बंद. बंद म्हटलं की वरच्या साहेबांच्या पोटात दुखायचं, कारण पुढे गॅस पोहोचवायचे करार. ती गळती किती मोठी आहे ते आम्हाला एकदाच दिसलं. कंपनीनं एक महागडा कॅमेरा आणला होता, त्यातून न दिसणारा गॅस धुरासारखा दिसतो. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी तो मौजेखातर मामाच्या हातात दिला. मामानं तीन नंबरच्या खोलीकडे धरला. मग खाली केला, चष्मा पुसला, पुन्हा धरला. पत्र्याच्या छताच्या फटीफटीतून काळा लोट निघत होता, दुपारच्या उन्हात, सगळ्यांच्या डोक्यावरून. मामाच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढा?" तो म्हणाला. "एकतीस वर्षं मी याला बुडबुडे म्हणत होतो."

कॅमेरा दुसऱ्या दिवशी कपाटात गेला. त्याच्यात फार दिसतं, असं ठरलं. किल्ली साहेबांकडे.

मग मंडळाचं पत्र आलं: ज्या स्टेशनाची गळती सगळ्यात आधी शून्यावर येईल, तिथे स्वतः अध्यक्ष येऊन 'शून्य गळती विभाग' अशी पाटी देणार. संकल्पसाहेबांची झोप उडाली. चाळीस काढले, एक राहिला! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं! त्यांनी एका फिटरला बिल्ला काढायला सांगितलं. तो म्हणाला, "मामाचा आहे." दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. शेवटी स्वतः गेले म्हणतात, पण खोलीच्या दारात चार फिटर नुसते उभे राहिले, आणि साहेब बूट झटकत परत आले. मामाला बोलावून गोड बोलून पाहिलं.

"दुरुस्त झालं का?" मामानं विचारलं.

मग साहेबांनी मला बोलावलं.

पुढचं सांगताना माझा राग कोणावर काढू ते मला कळत नाही, म्हणून सरळ सांगते. साहेब म्हणाले, "शटडाऊनची तारीख पक्की आहे, पुढच्याच महिन्यात. अध्यक्षांची पाहणी त्याच्या आधी येतेय, एवढाच घोळ. बिल्ला फक्त आठ दिवस काढायचा, मग मामांनी हवा तर परत लावावा. आणि हे बघा, पाटी मिळाली तर सात कंत्राटी फिटर कायम करायचे ठरलंय. यादीत पहिलं नाव कोणाचं, तुम्हाला सांगायला नको." शटडाऊनच्या तारखेचं पत्र मीच टाइप केलं होतं. त्याआधी तीच तारीख दोनदा पुढे ढकलल्याची पत्रंही मीच टाइप केली होती. पण मी हुशार मुलगी ना!

मी मामाच्या घरी गेले. ताई आली होती. भावजी सहा वर्षं कंत्राटावर होते. दर सहा महिन्यांनी नवा कागद, दर सहा महिन्यांनी ताईचा जीव टांगणीला. मी सगळं सांगितलं. मामा पाटावर बसून डब्याचा पत्रा कापत होता. कात्री थांबली नाही.

"दुरुस्त झालं का?"

"बाबा, आठ दिवस," ताई म्हणाली. "लोक अख्खं आयुष्य खोटं बोलतात. तुम्ही आठ दिवस गप्प बसायचंय फक्त."

"त्या खोलीत तुझ्याशिवाय जातं कोण?" मी म्हटलं. "आणि आठ दिवस तू आहेसच की तिथे."

"जावईबापूंना काय सांगू? त्यांना मीच शिकवलंय."

"त्यांना कशाला सांगायचं? ते ऐकायचेच नाहीत. ते तर एक नंबरला असतात."

मामानं कात्री खाली ठेवली. म्हणाला, "तुझ्या शब्दावर काढतो, भाचे. साहेबाच्या नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर गेले. त्यानं आधी साबण लावला, जणू रात्रीतून चमत्कार झाला असेल. फेस उडाला. मग तो मला म्हणाला, "इकडे बघू नकोस." मी पाठ केली. तार सोडवल्याचा आवाज आला. बिल्ला त्यानं शर्टाच्या खिशात घातला, आणि त्यानंतर रोज तो तिथेच होता. खिशाचं कापड खाली ओढलेलं दिसायचं.

पाहणीच्या दिवशी अंगणात मांडव, खुर्च्या, ध्वनिक्षेपक. मामाला इस्त्रीचे कपडे घालून पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्याला तीन नंबरला जायचं होतं, पण साहेबांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं. "आज तुमचा दिवस, मामा." अध्यक्ष बोलत होते. पृथ्वी, पुढची पिढी, स्वेच्छा. टाळ्या.

साहेबांना ऐन वेळी आठवलं की पाटी लावायची कुठे ते ठरलंच नाही. ठरलं, ते कुठे? तीन नंबरला. सगळ्यात मोठी खोली, रस्त्यावरून दिसणारी भिंत, फोटो छान येईल. पाटी दाराच्या वर, पत्र्याला भोकं पाडून आतून नटबोल्टनं आवळायची. घाई आहे, हात चांगला कोणाचा? भावजींचा. त्यांना ड्रिल दिलं आणि पिटाळलं. ठिणगी उडणाऱ्या कामाला आमच्याकडे परवाना लागतो, आधी मीटरनं गॅस मोजावा लागतो. पण संकल्पाच्या सोयीसाठी साहेबांनी तो फॉर्म सुटसुटीत केला होता: खोलीत बिल्ला नसेल तर मोजायची गरज नाही. हा नवा फॉर्मही मीच छापला होता. भावजींनी आत जाऊन व्हॉल्व्ह पाहिला. सवयीप्रमाणे पुन्हा पाहिला. बिल्ला नव्हता. त्यांनी रकान्यात 'नाही' लिहिलं, सही केली आणि शिडी लावली.

हा गॅस हवेपेक्षा हलका. छताखाली जाऊन बसतो.

मांडवात आधी वाटलं, ध्वनिक्षेपक फुटला. अध्यक्ष 'जबाबदारी' हा शब्द अर्धा सोडून थांबले. पहिला उठला तो मामा. आम्ही सगळे इकडेतिकडे बघत होतो आणि हा गुडघे गेलेला माणूस खुर्च्या पाडत तीन नंबरकडे पळत होता. छताचा एक कोपरा वर उचकटला होता. भावजी दाराबाहेर पडले होते, चेहरा आणि दोन्ही हात भाजलेले. कोणीतरी आपत्कालीन बटण दाबलं. ज्या शटडाऊनला दोन वर्षं मुहूर्त सापडत नव्हता तो तीन मिनिटांत झाला. नळांत भरलेला सगळा गॅस उंच चिमणीतून गर्जना करत आकाशात सोडावा लागला, आणि त्या आवाजात ताईला फोन करताना मला माझंच बोलणं ऐकू येत नव्हतं. पाटी उताणी पडली होती. तिला साधा ओरखडाही नव्हता.

संध्याकाळी स्टेशन पुन्हा सुरू झालं. व्हॉल्व्ह? तो तसाच. बदलायला नवा व्हॉल्व्ह नव्हता. पुढच्या महिन्याची तारीख कागदावर होती, पण नव्या व्हॉल्व्हची मागणी कधी गेलीच नव्हती. ते मी त्या दिवशी फायली उपसल्या तेव्हा पाहिलं. छताला मात्र मोठी जाळी बसवली, म्हणजे गॅस आत न साठता सुखरूप बाहेर जाईल. वरातीमागून घोडं, आणि तेही लंगडं.

चार दिवसांनी साहेबांनी अहवालाचा मजकूर सांगायला बोलावलं. मी विचारलं, "त्या दिवशीचा आकडा कुठे लिहू?"

"कुठला आकडा?"

"स्फोटाचा. आणि चिमणीतून गेला त्याचा."

"हे बघा," ते समजावून म्हणाले, "खोलीतला गॅस जळला. जळला म्हणजे मिथेन हवेत गेलाच नाही. उलट तेवढी बचत. आणि चिमणीतला आपत्कालीन, तो आपल्या रीतीत बसत नाही. बिल्ले किती आहेत?"

"एकही नाही."

"मग शून्य लिहा."

मी शून्य लिहिलं. त्यांच्या तोंडावर कागद फेकून यायला हवं होतं. पण लिहिलं. तिमाहीचा अहवाल हिरव्या पुठ्ठ्यात गेला. सात कंत्राटी फिटरांपैकी सहा कायम झाले. सातव्याच्या नावापुढे 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' असा शेरा होता.

त्या आठवड्यात मी इस्पितळात गेले. भावजींच्या हातांवर कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. ताई त्यांना चमच्यानं पेज भरवत होती. मामा स्टुलावर. भावजी त्याच्याशी बोलत होते, ओठ नीट हलत नव्हते.

"मामा, बिल्ला नव्हता. मी दोनदा बघितलं. दोनदा. कोणीतरी तुमचा बिल्ला काढला. तुम्ही शोधून काढा त्याला."

मामानं खिशात हात घातला आणि बिल्ला चादरीवर ठेवला. लाल रंग कडेला खरवडला होता. "मी काढला," तो म्हणाला.

भावजी हसायला गेले. "कोणाला पाठीशी घालताय? तुम्ही नाही काढणार. जगबुडी आली तरी नाही काढणार."

"मीच काढला."

ताईचा चमचा वाटीत राहिला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी म्हटलं, "मी काढायला लावला, भावजी. तुम्ही कायम व्हावं म्हणून." आणि ताई भिंतीकडे बघत म्हणाली, "मीही."

ते आम्हा तिघांकडे एकेक करून बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त एवढंच म्हणाले, "मला सांगायचं होतं ना. मला एकट्याला सांगायचं होतं."

मामानं बिल्ला उचलला आणि खिशात ठेवला. दोन महिन्यांनी त्याची नोकरी संपली. शेवटच्या दिवशी निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. तो गेला नाही. सकाळी बालदी आणि ब्रश घेऊन तीन नंबरला गेला. साबण लावला, फेस उडाला. जुनी तारीख त्यानं खिळ्यानं खोडली नाही, तिच्या खाली त्या दिवसाची कोरली. बिल्ला तारेनं सात वेढे देऊन बांधला. मग बालदी उपडी ठेवली आणि गेटबाहेर पडला. गेटवरच्या शिपायानं नियमाप्रमाणे त्याचा पास जमा करून घेतला. आता मामाला आत सोडत नाहीत.

ज्यानं टांगला, त्यानंच काढायचा. पुढच्या तिमाहीत मी अहवालात 'एक' लिहिलं. साहेब ओरडले. मी म्हटलं, "जाऊन मोजा." त्यांनी बाहेरून कंत्राटी माणूस आणला, त्याला आमच्या फिटरांनी चहा पाजला आणि गोष्ट सांगितली, तो पक्कड ठेवून निघून गेला. पडलेली पाटी साहेबांनी पुन्हा दाराच्या वर चढवून घेतली, ती अजून तिथे आहे, भावजींनी पाडलेल्या एका भोकावर तिरकी लटकलेली, आणि खोलीच्या आत बिल्ला. पुढची तिमाही, एक. त्याच्या पुढची, एक.

परवा अध्यक्षांची पुन्हा पाहणी ठरली तेव्हा साहेब गाडी घेऊन स्वतः मामाच्या घरी गेले. मला बरोबर नेलं, मध्यस्थ म्हणून. मामा ओट्यापाशी होता. भावजींची बोटं आता मिटत नाहीत, म्हणून मामा त्यांच्या तळहाताला ब्रशाची मूठ कापडी पट्टीनं बांधून देत होता. भावजी तो ब्रश सिलिंडरच्या नळीवर फिरवत होते. थांबून पुन्हा फिरवत होते. साहेबांनी खूप सांगितलं. गाडी दारात आहे, आत जायचा खास पास काढलाय, पाच मिनिटांचं काम आहे, मानानं नेऊ, मानानं आणू.

मामानं मान वर केली नाही. विचारलं भावजींनी.

"दुरुस्त झालं का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाही," मी म्हटलं.

"मग चहा घ्या आणि जा," मामा म्हणाला, आणि शेगडी पेटवली.